बदलांचा सारांश

सौदे नसले की तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमधले
हिशेबाचे तीन संगणक दुपारपर्यंत माझे.
मालकांनी एकदा विचारलं, यात मिळतं काय?
म्हटलं, काही नाही.
तेव्हापासून जाताना ते पंखा बंद करून जातात.

आज चौघं आलेत ज्ञानकोशात लिहायला शिकायला.
यमगर गुरुजी, वय एकाहत्तर, एका बोटानं टाइप करतात,
वेलांटी चुकली की खुर्चीतच ताठ होतात.
दिलशाद मुजावर, पॉलिटेक्निक, दुसरं वर्ष.
तिचा धाकटा भाऊ, फक्त वायफायसाठी.
आणि कोपऱ्यात एक बाई,
वहीत नावाच्या जागी त्यांनी नुसतं गाव लिहिलंय:
हिंगळवाडी.

गुरुजींचं पहिलं वाक्य:
'आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे.'
गुरुजी, म्हटलं, इथं सगळीच गावं
निसर्गाच्या कुशीत वसलीत,
त्या कुशीत आता जागा उरलेली नाही.
माणसं किती ते लिहा. कुणी मोजली, कधी मोजली, ते लिहा.

ते म्हणाले, मी मोजली.
एक्क्याण्णव साली घरोघर मीच फिरलो.
वरच्या वस्तीला तिघांच्याच चुली पेटत होत्या,
बाकीचे मेंढरं घेऊन खाली उतरलेले.
कुत्रं चावलं ते वेगळंच.

आता ज्यानं मोजलं
त्यालाच 'संदर्भ हवा' कसं म्हणायचं?

म्हटलं.
जन्मभर हजेरी घेतलेला माणूस,
त्यांनी नुसती मान हलवली.
दिलशादनं जनगणनेची जुनी पुस्तिका शोधून काढली,
तालुका, गाव, रकाना.
सहाशे बारा.
गुरुजी आकड्याकडे बघत राहिले,
वर्गातून गेलेलं पोरगं
बाजारात अचानक भेटावं तसे.
मग एका बोटानं, सावकाश, संदर्भ दिला:
स्वतःचाच, नाव नसलेला.

मी त्यांना सांगते,
शेडवर बायका बेदाणा निवडतात बघा,
काडी तेवढी काढायची, मणी फुटता कामा नये.
दुसऱ्याचं वाक्य म्हणजे दुसऱ्याचा माल.
आणि खोडलंत तर का खोडलं ते खाली लिहा,
मुकाट्यानं खोडणं ही चोरीच.

माझं सांगू?
गावाच्या पानावर 'प्रसिद्ध व्यक्ती'खाली
मी पहिल्याच रात्री बापाचं नाव घातलं होतं.
नारळ तळहातावर धरून रानात फिरायचे,
म्हणतील तिथं विहीर पडायची.
अकरा मिनिटांत नाव उडालं.
उडवणारा कोण, कुठला, आजवर ठाऊक नाही.
पण खाली लिहून गेला होता:
राग मानू नका, या पुन्हा.

त्या 'या पुन्हा'वर
मी नऊ वर्षं काढलीत.

दोन वाजले. भाऊ झोपलाय. मालकांचा फोन येऊन गेला.
कोपऱ्यातल्या बाई इतका वेळ नुसत्या वाचत होत्या,
कुठल्याशा रस्त्याचं पान.
म्हणाल्या, एकच अक्षर बदललं तर चालतं का?

इंग्रजी पाटीवरून कुणी उतरवून घेतलं असणार,
यादीत त्यांचं गाव पडलं होतं: हिंगलवाडी.
त्यांनी ल खोडला. ळ शोधायला वेळ लागला,
दिलशादनं दाखवला नाही, नुसती कळफलकाकडे बघत राहिली.
मग सारांशाच्या चौकटीत त्यांनी लिहिलं:
'मी तिथली आहे.'

हा संदर्भ होत नाही.
सकाळपासून चार वेळा मीच हे सांगितलंय.
गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही.
यंत्रानं नोंद घेतली, वेळ, तारीख,
आणि बदलाचं वजन:
शून्य बाइट.